ताप गोचिडीचा, नाव माकडाचे

(तृतीय वर्ष, कला)

वड्याचे तेल वांग्यावर काढण्याची विद्या आपल्या समाजाला फार पूर्वीपासून अवगत आहे. चूक एकाची असते, शिक्षा दुसऱ्याला होते, आणि तिसरा मात्र निवांत बसून तंबाखू मळत असतो. माणसामाणसांतील ही रीत आपण नित्य पाहतो. परंतु आजच्या लेखात मला जे सांगायचे आहे ते माणसाने मुक्या जनावरांवर घेतलेल्या आळाबद्दल आहे. दोडामार्ग आणि सावंतवाडी या तालुक्यांतून येणाऱ्या माझ्या वर्गबंधुभगिनींना विषय सांगण्याची गरज नाही. काजूची बोंडे पिकू लागली, की आमच्या गावांत एका तापाची चर्चा सुरू होते. त्या तापाला लोक 'माकडताप' म्हणतात. सरकारी फलकांवरही तेच नाव लिहिलेले असते. माझे म्हणणे असे, की हे नाव अर्धे खोटे आहे, आणि या अर्ध्या खोट्याची किंमत आम्ही दरवर्षी मोजत आहोत.

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. आपण तर कला शाखेचे विद्यार्थी! शब्दांशी आपला रोजचा संबंध. नाव दिले की दृष्टी ठरते, आणि दृष्टी ठरली की कृती ठरते, हे आपल्याला वर्गात शिकवले जाते. ज्या तापाच्या नावात माकड आहे त्या तापावर उपाय काय, असे गावात कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले : माकडांचा बंदोबस्त करा. गोचीड हा शब्द त्या उत्तरात येतच नाही, आणि खरा गुन्हेगार तर तीच आहे.

तेव्हा आधी गोचिडीचीच ओळख करून घेऊ. गोचीड म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कुत्र्याच्या कानात किंवा गायीच्या कासेजवळ चिकटलेली फुगीर करडी गोळी येते. कुत्र्याच्या कानातली ती तपकिरी गोचीड वेगळ्या जातीची. या तापाचा विषाणू मुख्यतः वाहते ती रानातली गोचीड, शास्त्रज्ञ जिला हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा म्हणतात. तिचे आयुष्य तीन मुक्कामांचे असते. पावसाळ्यात पूर्ण वाढलेली मादी गुराढोरांच्या किंवा एखाद्या मोठ्या रानजनावराच्या अंगावर चढते, पोटभर रक्त पिते आणि जमिनीवर गळून पडते. पालापाचोळ्याच्या ओलाव्यात ती शेकड्यांनी अंडी घालते व मरते. पाऊस सरता सरता त्या अंड्यांतून सहा पायांची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले बाहेर पडतात. ती उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर चरणारे पक्षी, माकडे अशा मिळेल त्याच्या अंगावर एक जेवण करतात, गळून पडतात, कात टाकतात आणि आठ पायांची होतात. हे अर्धवाढीचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते. तेच माणसाला चावते. त्याचा हंगाम मार्गशीर्षाच्या सुमारास सुरू होतो व वैशाखापर्यंत चालतो.

गोचीड उडत नाही, उडी मारीत नाही. गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या पानावर चढून, पुढचे दोन पाय पसरून ती वाट पाहत बसते. त्या पायांवर तिची ज्ञानेंद्रिये असतात. जवळून जाणाऱ्या प्राण्याचा श्वास आणि ऊब तिला त्यांनी कळते. ती माकडाला ओळखत नाही, माणसाला ओळखत नाही. जो पात्याला घासून जाईल तो तिचा यजमान. इतका समभाव पाळणारा दुसरा जीव रानात सापडणे कठीण!

आता थोडा इतिहास. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसे तापाने फणफणू लागली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील शास्त्रज्ञ तेथे धावले. हेच केंद्र पुढे १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाले. माकडे आणि माणसे एकाच वेळी मरत असल्यामुळे आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी पहिली शंका होती. ती खोटी ठरली. विषाणू नवा निघाला. मात्र त्याचे नाते रशियातील गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी जवळचे होते. मग दुसरी शंका आली : हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांनी तर गोचिडींबरोबर हे दुखणे आणले नसेल? सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचा जो मोठा उपक्रम हाती घेतला, त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली ती या शंकेपायी. पक्ष्यांवरचा तो आळ सिद्ध झाला नाही. पक्षिशास्त्राला मात्र त्यातून मोठा ठेवा मिळाला. म्हणजे पाहा, या रोगाच्या जन्मापासून आपण कोणत्या ना कोणत्या प्राण्याकडे बोट दाखवीत आलो आहोत. आधी पक्षी, नंतर माकड.

रोगाला जंगलाचे नाव मिळाले. कन्नड लोकांनी त्याला 'मंगन कायले' म्हटले, अर्थात माकडाचे दुखणे. कित्येक दशके ते कर्नाटकाचेच दुखणे राहिले. २०१२ नंतर ते सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेस व उत्तरेस पसरू लागले. तमिळनाडूतील निलगिरी, केरळातील वायनाड, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाळी गाव, २०१६ मध्ये आमच्या दोडामार्ग तालुक्यातील केर, आणि २०१७ मध्ये बांदा परिसर. आमच्याकडे तो असा आला.

आता माकडाची बाजू ऐकू या. न्यायालयात आरोपीलाही वकील मिळतो. येथे ती जबाबदारी मी घेते. या विषाणूने वांदर आणि लाल तोंडाची माकडे दोन्ही आजारी पडतात व मोठ्या संख्येने मरतात. शंभर माणसांना हा ताप आला तर तीन ते पाच दगावतात. माकडांची दशा त्याहून वाईट. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, त्यामुळे त्याच्या अंगावर जेवलेल्या गोचिडींना तो लागतो आणि कात टाकल्यावरही त्यांच्या शरीरात राहतो. माकड मेले, अंग थंड झाले, की गोचिडी त्या प्रेताला सोडून खाली उतरतात. ती जागा त्यानंतर धोक्याची होते. म्हणूनच माकड मेलेल्या जागेभोवती पन्नास मीटरपर्यंत कीटकनाशक भुकटी टाकण्याची पद्धत आहे. माकड विषाणू वाढवते, हे खरे. त्याच्या बचावात मी खोटे बोलणार नाही. पण ते विषाणू स्वतः आणून आपल्या हातात देत नाही. माकडाकडून माणसाला हा ताप थेट लागतो असे नव्हे. माणसाकडून माणसालाही तो लागत नाही. मध्ये गोचीड लागतेच.

आणि माकडाचे दुसरे काम आपण विसरतो. उंदीर मेला तर पाचोळ्याखाली कोणाला दिसत नाही. चिचुंद्री मेली तर मुंग्या नेतात. माकड मरते तेव्हा मात्र ते दिसते, त्याचा वास येतो, गिधाड नसले तरी कावळे जमतात. रानात विषाणू फिरू लागला आहे, याची वर्दी गावाला माणूस आजारी पडण्यापूर्वी देणारा प्राणी म्हणजे माकड. पूर्वी आपल्याकडे घरात उंदीर पडू लागले की लोक प्लेगच्या भीतीने घरे सोडून माळावर राहायला जात. त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या लोकांना उंदराच्या मरणाचा अर्थ कळत होता. आम्हा शिकलेल्यांना माकडाच्या मरणाचा अर्थ कळत नाही.

हे मी पुस्तकातून वाचून लिहीत नाही. २०१७ साली मी सातवीत होते. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, गडग्यापलीकडे, एक वांदर मरून पडला होता. ज्यांनी पाहिला त्यांनी काठीने ढकलून तो व्हाळात टाकला. माझ्यासमोर एक आजोबा म्हणाले, "मेला ता बरा झाला, नारळ तरी वाचतले." वनखात्याला कळवावे असे कोणी सुचवले नाही, कळवले तर चौकशीचे लचांड मागे लागेल, 'तुम्हीच विष घातले' असे म्हणतील, ही भीती होती. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत त्याच गडग्याच्या बाजूला काजू वेचणाऱ्या माझ्या मावशीला ताप भरला. डोके फुटेल असे दुखणे, अंग मोडून येणे, उलट्या. पहिले चार दिवस एका दवाखान्यात तिच्यावर मलेरियाचे औषध चालले. हिरड्यांतून रक्त येऊ लागले तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेले. ती वाचली. परंतु ताप उतरल्यावर दुसऱ्या फेरीत तिचे हात थरथरू लागले, आणि पुढे कित्येक महिने तिला भाकरी थापता येत नव्हती. त्या वांदराचे मरण वेळेवर कोणाच्या कानावर गेले असते, त्या जागेवर भुकटी पडली असती आणि बायकांना तिकडे जाऊ नका असे सांगितले गेले असते, तर? या 'तर'ला उत्तर नाही. पण हा प्रश्न मला माकडाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांना विचारावासा वाटतो.

आता जरा आपल्या परड्याकडे वळू, कारण गोष्ट केवळ रानात घडत नाही. आमच्याकडे घर, परडे, कुळागर, काजूची बाग आणि रान यांच्यात एखाद्या गडग्याएवढेच अंतर असते. कुळागरात सुपारी, त्यावर मिरवेल, खाली केळ, अननस, मधून पाट वाहतो. बारमाही ओलावा, बारमाही सावली, खाली पाचोळ्याचा थर. आपल्याला जे सुखाचे वाटते ते गोचिडीलाही सुखाचे वाटते. शिवाय आपण रान उचलून घरी आणतो. पातेरा गोळा करून गोठ्यात पसरायचा, परड्यात त्याचा ढीग घालायचा, माडाच्या आळ्यात तो भरायचा, तरव्याच्या भाजावळीला तो साठवायचा. शेतीला त्याशिवाय गत्यंतर नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या पातेऱ्याबरोबर कोण घरी येते? शिमोगा जिल्ह्यात २०११-१२ मध्ये जी साथ आली, तिची चौकशी झाली तेव्हा असे दिसले, की घराच्या आवारात सुक्या पानांचा ढीग घालणाऱ्यांना आणि गुरे हाताळणाऱ्यांना या तापाचा धोका अधिक होता. माकड त्या ढिगावर येऊन बसले होते म्हणून नव्हे. ढीगच गोचिडींना घेऊन आला होता.

गुरांचे नाव आले म्हणून सांगते. गाय आपली माता, तिच्याबद्दल वाईट बोलणे जिवावर येते. परंतु वाढलेल्या गोचिडींचे सर्वांत मोठे अन्नछत्र म्हणजे रानात चरायला जाणारी आपली गुरे. गायीला हा ताप येत नाही, तिच्या रक्तात विषाणूही फारसा टिकत नाही; पण तिच्या रक्तावर गोचिडींची संख्या वाढते. म्हणजे विषाणू वाढवणारे माकड, गोचीड वाढवणारी गाय, पिल्ले पोसणारे उंदीर आणि चिचुंद्री, आणि या सर्वांना एका ठिकाणी आणणारा माणूस. इतक्या जणांच्या भागीदारीच्या धंद्यात पाटी मात्र एकट्या माकडाच्या नावाची!

माणसाचे नाव मी उगाच घेतलेले नाही. पुण्याच्या केंद्रात काम केलेले कोलंबियाचे शास्त्रज्ञ जॉर्ज बॉशेल यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात हे स्पष्ट मांडले होते. विषाणू जंगलात पूर्वीपासून गुपचूप नांदत असावा. माणसाने शेतीसाठी जंगलात तुकडे पाडले, त्यात आपली गुरे घातली, कडेला झुडपे माजू दिली, आणि मग तो विषाणू उफाळून वर आला, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. अलीकडच्या अभ्यासांतही हेच पुन्हा दिसते, की जेथे दाट सदाहरित रान आणि लागवडी एकमेकांत गुंतलेल्या आहेत, जेथे गुरे पुष्कळ आहेत, तेथे धोका जास्त. आमच्या तालुक्याचे चित्र डोळ्यांसमोर आणा. डोंगर उतरणीवर एक पट्टा रानाचा, शेजारी काजू, त्यापुढे रबर, मध्ये अननस, कडेला घाणेरी आणि रानमोडी. मुंबई उच्च न्यायालयाला २०१३ मध्ये दोडामार्ग तालुक्यात वृक्षतोडीवर बंदी घालावी लागली, यातच काय ते समजावे. वांदराला पूर्वी रानात जे मिळे ते आता परड्यात शोधावे लागते. तो आपल्या घरी आला की आपण त्याच्या घरी गेलो, याचा निवाडा कोणी निःपक्षपाती पंच नेमून करावा.

येथे माझे शेतकरी वाचक रागावतील. "तुझ्या माकडप्रेमाने आमची केळी परत येणार आहेत काय?" असे ते विचारतील. त्यांचा राग रास्त आहे. माकडांचा कळप एकदा कुळागरात शिरला, की कोवळे नारळ, केळी, फणस यांची जी नासाडी होते ती मी स्वतःच्या घरी पाहिली आहे. नुकसानभरपाईचे कागद रंगवण्यात आमच्या बाबांची दुपार जाते आणि हातात पडते ते दुपारच्या मजुरीएवढेही नसते. याचा विचार झालाच पाहिजे. परंतु बागेचे भांडण वेगळे आणि तापाचे भांडण वेगळे. पहिल्या भांडणातला राग दुसऱ्यात ओतला, की दोन्ही भांडणे बिघडतात. माकडे मारली तर ताप जाईल, असे ज्यांना वाटते त्यांनी विचार करावा. गोचिडीच्या पिल्लांना उंदीर, चिचुंद्री, पक्षी उरतातच. मोठ्या गोचिडींना आपल्या गायी उरतात. आणि वर्दी देणारा पहारेकरी तेवढा आपण आपल्या हाताने नाहीसा केलेला असतो. दर शनिवारी मारुतीला तेल घालून रविवारी वांदरावर बंदूक रोखणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या भक्तीबद्दल मला काही म्हणायचे नाही, त्यांच्या हिशेबाबद्दल मात्र आहे.

याच्या उलट टोकाला दुसरी एक भाबडी मंडळी असते. निसर्गच निसर्गाचा बंदोबस्त करील, आपण काही करू नये, असे ती सांगते. गायबगळा गुरांमागून फिरतो, तो गोचिडी खाऊन टाकतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. तो गुरांच्या पायांनी उडालेल्या नाकतोड्यांवर पोट भरतो. गोचीड त्याच्या पानात क्वचित पडते. गोठ्यात फिरणाऱ्या कोंबड्या गोचिडी टिपतात, मुंग्याही त्यांना ओढून नेतात, आणि ही मदत नाकारण्याचे कारण नाही. पण दहा कोंबड्या पाळल्या म्हणून डोंगराची उतरण गोचीडमुक्त होत नाही. अमेरिकेत तर याचे मोठे गमतीदार उदाहरण घडले. तेथे लाइम नावाच्या गावावरून नाव पडलेला, गोचिडींनीच पसरणारा आजार १९७५ च्या सुमारास लक्षात आला. लोकांनी आधी हरणांना दोष दिला. हरणांवर मोठ्या गोचिडी पोसल्या जातात हे खरे, पण रोगाचे जंतू गोचिडीला मिळतात ते मुख्यतः पांढऱ्या पायांच्या एका रानउंदराकडून. मग ओपोसम नावाचा एक प्राणी एका हंगामात हजारो गोचिडी फस्त करतो, अशी बातमी पसरली आणि लोक त्याला परसबागेचा तारणहार म्हणू लागले. पुढे अभ्यासकांनी त्या प्राण्यांची पोटे तपासली, तेव्हा त्यांत गोचिडी सापडल्याच नाहीत. तात्पर्य, रानातला एक प्राणी खलनायक आणि दुसरा नायक अशी नाटके आपल्या स्नेहसंमेलनात शोभतात. रानात तशी पात्रे नसतात.

मग उरते ते आपले काम. या तापावर नेमके औषध नाही. लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. कर्नाटकात १९९० पासून दिली जाणारी जुनी लस पुरेशी प्रभावी नसल्याचे दिसल्यावर २०२२ मध्ये बंद झाली, आणि नव्या लशीवर काम सुरू झाले. ती येईल तेव्हा येईल. तोपर्यंत सर्व भिस्त गोचीड अंगाला न लागू देण्यावर आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायांत मोजे व बूट, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल, पाचोळ्यावर न बसणे, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंग चोळून आंघोळ करणे, गोचीड चिकटलेली दिसली तर न चिरडता कातडीलगत चिमट्यात धरून सरळ ओढून काढणे, पातेऱ्याचा ढीग घरापासून दूर ठेवणे, गुरांच्या गोचिडींवर वेळच्या वेळी औषध करणे. ऐकायला सोपे वाटते. पण फाल्गुनाच्या उन्हात दिवसभर वाकून काजू वेचणाऱ्या बाईला बूट आणि मोजे कोणी द्यायचे? तिच्या रोजंदारीत ते येत नाहीत. बागायतदार म्हणतो, सरकारने द्यावेत. सरकार म्हणते, आम्ही तेल दिले आहे, लावत नाहीत. तेल चिकट असते, काजूच्या डिंकाने आणि घामाने आधीच हुळहुळलेल्या हातांना ते झोंबते, हे त्या बाईला कोणी विचारतच नाही. आमच्या गावात या तापाने आजारी पडलेल्यांत बायका किती, मजूर किती, आणि बागेचे मालक किती, याची नुसती बोटांवर मोजणी केली तरी रोगाचा स्वभाव कळतो. गोचीड समभाव पाळते असे मी वर म्हटले. पण तिच्या वाटेत रोज कोणाला उभे करायचे, हे आपण ठरवलेले आहे. माझ्या मते काजूच्या हंगामात मजुरीबरोबर बूट, मोजे आणि तेल देणे हे बागमालकाचे कर्तव्य मानले गेले पाहिजे. कोयता आणि टोपली जशी मालकाची असते, तसेच हे.

आणि आपण? आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी हिवाळ्यात भरते. नेमका तोच गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम. आपण त्या सात दिवसांत काय करतो? रस्ता झाडतो, ज्याला ग्रामस्थ दुसऱ्या दिवशी पूर्ववत करतात. भिंतीवर घोषवाक्ये लिहितो. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती गाणी म्हणतो. श्रमदानाची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. माझी सूचना एवढीच, की यंदाचे शिबिर रानालगतच्या एखाद्या गावात न्यावे आणि तेथे एक साधी वही सुरू करून द्यावी. मेलेले माकड कोणी, कोठे, कोणत्या दिवशी पाहिले, आणि त्याची खबर कोणाला दिली, एवढेच तिच्यात लिहायचे. प्रेताला हात लावायचा नाही, जवळ जायचे नाही, जागा दाखवायची. वही अंगणवाडीत किंवा दूध संकलनाच्या जागी राहावी. खबर देणाऱ्याच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागणार नाही, याची हमी वनखात्याने व आरोग्यखात्याने गावासमोर येऊन द्यावी. त्या हमीशिवाय वही कोरी राहील, हे मी आजच सांगते. लोक बेफिकीर असतात म्हणून गप्प बसतात असे नाही. बोलल्यावर काय वाट्याला येते ते त्यांनी अनुभवलेले असते.

विज्ञानाचे विद्यार्थी सूक्ष्मदर्शक घेऊन गोचीड पाहतील. आपण कला शाखेचे लोक काय करणार, असे विचारणाऱ्या मित्रांना माझे उत्तर आहे. त्या वहीत गावाने बोलावे यासाठी गावाची भाषा ज्याला येते असा माणूस लागतो. आजोबांना त्यांच्याच मालवणीत समजावता आले पाहिजे, की मेलेला वांदर नारळ वाचल्याची बातमी नसून सून आणि मुलगी यांच्या जिवाची बातमी आहे. फलकावरच्या छापील सूचना प्रमाण मराठीत असतात आणि काजू वेचणाऱ्या कित्येक बायका त्या वाचीत नाहीत. त्यांच्याशी खळ्यात बसून बोलावे लागते. शब्दांचे शिक्षण घेणाऱ्यांनी हे काम करायचे नाही तर कोणी करायचे?

तूर्त एक छोटी सुरुवात आजच करता येईल, तिला पैसा लागत नाही आणि मंजुरीही लागत नाही. आपण बोलताना या दुखण्याला 'गोचीडताप' म्हणू या. सरकारी कागदावरचे नाव बदलायला वेळ लागेल. आपल्या तोंडचे नाव बदलायला लागत नाही. गोचीडताप म्हटले, की ऐकणारा आपोआप स्वतःच्या पायांकडे पाहील, गायीच्या कासेकडे पाहील, परड्यातल्या पातेऱ्याच्या ढिगाकडे पाहील. माकडताप म्हटल्यावर तो झाडाच्या शेंड्याकडे पाहतो, आणि तेवढ्यात गोचीड पायावर चढते.